ख्रिस्ती धर्मानुसार श्रीमंत माणूस नरकात जातो का?

तुम्ही विचारलंय की येशूने श्रीमंतांना नरक आणि गरिबांना स्वर्ग सांगितला, तर पैसा असणं हेच पाप का? मी ख्रिस्ती घरात वाढलो, संडे स्कूलमध्ये हीच शंका मलाही आली होती. नाही, पैसा असणं पाप नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. एक श्रीमंत जांभळी, तलम वस्त्रं नेसून रोज मेजवान्या करतो. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर नावाचा गरीब माणूस पडलेला, कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. मेल्यावर लाजर अब्राहामाच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळपुरुषाच्या, उराशी सुखात जातो आणि श्रीमंत अधोलोकाच्या यातनेत. त्याने लाजरला मारलं, लुबाडलं असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय अब्राहामही गुरंढोरं, सोनं-रुपं बाळगून असलेला गडगंज माणूस! मग चुकलं कुठे? ज्वाळेतून श्रीमंत अब्राहामाला विनवतो, लाजरला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे. म्हणजे त्याला नाव माहीत होतं. रोज येता-जाता दिसणारा, नावानिशी ओळखीचा माणूस, तरी आपलं ताट सोडून त्याच्याकडे पाहावंसं वाटलं नाही. आणि अजूनही लाजर त्याच्या लेखी पाणी आणणारा गडीच. मला आगीपेक्षा या ओळीची भीती वाटते. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं नाव मला ठाऊक आहे. तो जेवला का, हे मी कधी विचारलेलं नाही.

नरकासाठी येशू बऱ्याचदा ‘गेहेन्ना’ म्हणतो. ती यरुशलेमजवळची हिन्नोमची दरी, जिथे पूर्वी पोटची लेकरं आगीत अर्पण केली जात. ती आग खरीखुरी की देवापासून कायमचं तुटणं, यावर ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण यरीहो गावचा जक्कय, जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत देतो म्हणाला, तेव्हा येशूने उरलेली अर्धी मागितली नाही. ‘आज या घराला तारण झालं,’ असं म्हणाला.

राहिलं स्वर्गाचं बक्षीस. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना, म्हणजे निवडलेल्यांना, सांगतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. त्यावर ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं?