सागवानी खिडक्या काढाव्यात का?

प्रश्न : मुंबईतल्या ओव्हल मैदानाजवळची आमची १९३०च्या दशकातली आर्ट डेको शैलीची इमारत आम्ही छोटं हॉटेल म्हणून उघडतोय. सागवानी खिडक्या कुजल्यात, रस्त्याचा आवाजही येतो. कंत्राटदार म्हणतो, सरळ अॅल्युमिनियमच्या बसवा. काय करू?

उत्तर : थांबा! हा परिसर २०१८पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वारसा समितीची परवानगी नसताना खिडकीचा एक पल्लाही काढू नका.

आणि 'कुजल्यात' म्हणजे नेमकं कुठे? आधी खालच्या आडव्या पट्टीत पेचकस टोचून बघा. पाणी तिथेच साचतं, त्यामुळे बहुतेकदा तेवढंच भुसभुशीत होतं. तेवढा भाग कापून जुन्याच सागाचं ठिगळ सांध्यात बसवायचं. जुनी इमारत पाडली की असा साग वखारीत मिळतो. नवा त्याच्यापुढे फिका. माझ्या एका कामात सुताराने रंगाचे सात थर खरवडले, तेव्हा कळलं की पल्ला फुगला नव्हता, रंगानेच अडकत होता. मात्र जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू देऊ नका, ओलं करून, मास्क लावूनच.

आवाजासाठी ३ मिलिमीटरच्या साध्या काचेऐवजी ६.३८ची लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर), कडेला गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी. वजन दुप्पट होईल, म्हणून पितळी बिजागऱ्या तपासा. तरीही पाहुण्यांची झोप मोडली, तर आतून दुसरी खिडकी बसवा; बाहेरून दिसत नाही.

एसी मात्र खिडकीत खुपसू नका, हात जोडून सांगतो.