वायफाय ७ चा राउटर आणि चार डिस्कचा नॅस घ्यायचाय, काय बघून निवडू? आणि केबल लावूनही फाईल कॉपी इतकी मंद का?

प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय की राउटरला यूएसबीने लावलेली जुनी डिस्क हल्ली अधूनमधून टकटक करते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. राउटर आणि नॅसची (म्हणजे नेटवर्कला जोडून घरातल्या सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) निवड महिनाभर थांबू शकते, ही डिस्क थांबेल असं सांगता येत नाही.

टकटक म्हणजे बहुतेक वेळा डिस्कच्या हेडला, म्हणजे आतल्या वाचणाऱ्या टोकाला, जागा सापडत नाही आणि ते मागे येऊन पुन्हा पुन्हा शोधतंय. कधी कधी यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नाही एवढंच कारण निघतं, पण खात्री होईपर्यंत वाईटच धरून चला. डिस्क राउटरवरून काढून थेट लॅपटॉपला लावा आणि ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी उतरवून घ्या: फोटो, घरचे व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं. सिनेमे सगळ्यात शेवटी. डीफ्रॅग किंवा 'डिस्क दुरुस्त करा' छापाची साधनं या अवस्थेत चालवू नका, आजारी डिस्कला जेवढं कमी राबवाल तेवढं बरं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही कुणीतरी हमखास देतं. तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

उतरवून झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएलमध्ये तिचे स्मार्ट आकडे बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. दोन्ही फुकट आहेत. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकून राहिलेले. दोन्हींचा मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य हवा. १९७ वाढत असेल तर त्या डिस्कवर पुन्हा विसंबू नका. १९९, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर मात्र आधी केबल किंवा कनेक्टरवर संशय घ्या.

आता वेगाचं. तुम्ही लिहिलंय, केबल लावूनही सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. हा आकडा वाचून मला हसू आलं, कारण या ११ नेच माझे तीन आठवडे खाल्ले होते. १०० मेगाबिटला ८ ने भागलं की १२.५ मेगाबाइट, त्यातून वरखर्च वजा जाता हातात साधारण ११ उरतात. गिगाबिटवर हाच आकडा ११० च्या आसपास असतो. म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि राउटर एकमेकांशी १०० वर बोलताहेत. राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर विषय संपला, राउटर बदला. तसं नसेल तर केबल बघा. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला मात्र दोनच पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. उरलेल्या जोड्यांतली एक तार तुटली तर केबल बंद पडत नाही. दोन्ही बाजूची यंत्रं बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतात, लाईट लुकलुकत राहतो आणि इंटरनेटही चालतं, त्यामुळे शंकाच येत नाही.

मी आधी राउटरच्या सेटिंग उलटसुलट केल्या, मग नवा स्विच आणला, ड्रायव्हर तर दोनदा टाकले. शेवटी वैतागून कनेक्टर खिडकीच्या उजेडात धरला. सात तारा प्लास्टिकच्या टोकाला टेकल्या होत्या आणि आठवी, तपकिरी, मिलीमीटरभर मागे. तो कनेक्टर मीच दाबून बसवला होता, त्यामुळे बोलणार कुणाला? कापून नवा बसवला आणि पुढची कॉपी ११२ ने गेली.

तेव्हा राउटर घ्यायच्या आधी एक चांगली केबल लावून बघा. गिगाबिटला कॅट ५ई शंभर मीटरपर्यंत पुरते, भिंतीतून नव्याने ओढणार असाल तर कॅट ६ घाला. फक्त अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण दोन-चारदा वाकवली की तुटते. केबल बदलल्यावरही वेग ३०-४० वरच अडकला तर दोष राउटरचा असू शकतो. बऱ्याच राउटरचा प्रोसेसर यूएसबी डिस्क वाटून द्यायच्या कामाला तोकडा पडतो, नॅस घ्यायला हे मात्र चांगलं कारण आहे. वायफाय ७ चा फायदा लॅपटॉप आणि फोनही वायफाय ७ चे असतील तरच पुरता मिळतो. तुमचे नाहीत, तर तो विचार सध्या सोडा.

चार डिस्कचा नॅस तुम्हाला नको. दोनचा घ्या आणि वाचलेल्या पैशात बाहेरची एक मोठी डिस्क घ्या. दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर सतत तंतोतंत तेच लिहिणं, एक डिस्क मेली तर तुम्हाला वाचवतो, तुमच्या स्वतःच्या हातापासून नाही. एका रविवारी फोल्डर आवरताना मी चुकीचा फोल्डर उडवला, आणि दुसऱ्या डिस्कनेही त्याच क्षणी इमानेइतबारे तो उडवला. नॅसवरचा रिसायकल बिन बंद होता, स्नॅपशॉट म्हणजे काय (नॅसने जपून ठेवलेली फाईलींची त्या-त्या वेळची स्थिती) ते तेव्हा ठाऊकच नव्हतं. कपाटातल्या एका डिस्कवर आठ महिन्यांपूर्वीची प्रत होती म्हणून निभावलं, मधले आठ महिने गेले ते गेलेच. म्हणून पहिल्याच दिवशी स्नॅपशॉट चालू करा, बाहेरच्या डिस्कवर आठवड्याला बॅकअप लावा आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा. सतत जोडलेली असेल तर रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तीही गिळतं. अगदी मोलाच्या गोष्टींची एक प्रत घराबाहेर हवी.

नॅसमध्ये घालायच्या डिस्क सीएमआर (डेटाचे ट्रॅक शेजारी शेजारी, सुटे लिहिणाऱ्या) आहेत का ते कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या. एसएमआर डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी जाणवत नाही, पण डिस्क बदलून मिरर पुन्हा भरायला घेतला की कासव होतं. ८ टीबीची धडधाकट डिस्क भरायलाच दहा-बारा तास लागतात, एसएमआरवर ते कित्येक दिवसांवर जाऊ शकतं. काही कंपन्या हे न सांगताच एसएमआर विकत होत्या, ते २०२० मध्ये उघड झालं. दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या नकोत, वेगवेगळ्या वेळी घेतल्या तर उत्तम.

बाहेरून फोटो बघता यावेत म्हणून राउटरवर पोर्ट उघडू नका, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत वाट देऊ नका, वायरगार्ड हे व्हीपीएन वापरा. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' डिस्क जगभरात अनेकांच्या घरी बाहेरून कोऱ्या केल्या गेल्या. त्यांचे अपडेट २०१५ मध्येच थांबले होते. म्हणून मॉडेल निवडताना अपडेट किती वर्षं मिळणार ते मी प्रोसेसरच्या आधी बघते.

देखभाल फारशी नाही. महिन्यातून एकदा स्क्रब (नॅस सगळा डेटा वाचून तो शाबूत आहे का तपासतो), छोटा यूपीएस यूएसबीने नॅसला जोडलेला, त्याची बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलायची, जाळीतली धूळ. बिघाडाचा मेल खरंच येतो का तेही एकदा तपासा. आणि सहा महिन्यांतून एकदा बॅकअपमधून कुठल्याही तीन फाईली काढून उघडून बघा. गेल्या वेळी माझी एक सापडलीच नाही. फोनचे फोटो नव्या फोल्डरमध्ये जात होते आणि तो फोल्डर बॅकअपच्या यादीत मी घातलाच नव्हता.

आज रात्री डिस्क तेवढी उतरवून घ्या. केबल बदलल्यावर किती वेग आला ते इथे लिहा, मग नॅसच्या मॉडेलचं बोलू.