रसूल नव्हे, गासूल

प्रश्न : मोरोक्कोतल्या अमाझीग (म्हणजे तिथल्या मूळच्या बर्बर) बायका न्हाताना केसांना ‘रसूल माती’ लावतात असं वाचलं. या रसूलचा पैगंबराशी काही संबंध आहे का? आणि ती आपली मुलतानी मातीच का?

उत्तर : काडीचाही संबंध नाही! साबण-शांपूच्या जाहिरातींत हा ‘रसूल’ वाचून वाचून डोकं उठलंय. रसूल म्हणजे पाठवलेला, दूत. आपला रिसाला आणि इरसाल त्याच धातूतले. (इरसाल म्हणजे मुळात सरकारी खजिन्यात पाठवलेला भरणा, इरसाल कार्टी नंतरची.) मातीचं नाव गासूल. अरबीत ‘गसल’ म्हणजे धुणं, त्यावरून.

घोटाळा फ्रेंचांचा. तिकडचा घशातला ग त्यांना स्वतःच्या र सारखा ऐकू आला, म्हणून त्यांनी रोमनमध्ये आर-एच लिहिलं आणि आपण ते डोळे मिटून उचललं. अल्जीरियातलं तामांगासेत नकाशावर तामानरासेत झालं ते असंच. धाडीला फ्रेंचमध्ये ‘राझिया’ म्हणतात, तोही आपल्या गाझीचा भाऊबंद.

आता खरी गंमत. गुसल, म्हणजे स्नान, याच धातूतला. म्हणून गुसलखाना म्हणजे न्हाणीघर. पण मुघलांच्या खासगी दरबारालाही गुसलखानाच म्हणत! १६६६ सालच्या आग्रा भेटीच्या हकिकतींत औरंगजेबाचा गुसलखाना येतो, तेव्हा बादशहा अंगाला साबण लावत बसलाय असं समजू नये. मोरोक्कोतल्या मुलुया नदीच्या खोऱ्यात निघणारी ही गासूल माती आणि आग्र्याचा दरबार, दोन्ही एका धातूच्या पोटचे.

‘घासून लावतात म्हणून घासूल’ अशी व्युत्पत्ती एका जाणकारांनी मला ऐकवली. धन्य! हा अरबी ग मराठीत ग च होतो : गरीब, गुलाम, गाफील. त्याच न्यायाने अमाझीग. ‘अमाझिघ’ लिहिणाऱ्यांनी आधी ‘घरीब’ लिहून दाखवावं.

तर गासूल हे नाव अरबी. कृती मात्र अमाझीग घरांतलीही. लवंग, गुलाबपाकळ्या, लॅव्हेंडर यांच्या पाण्यात माती भिजवायची, वाळवून ठेवायची. कागदावर काही नाही. आई करते, मुलगी बघते. काजळाला मात्र त्यांचा स्वतःचा शब्द आहे, तझुल्त. किती गोड!

हां, मुलतानी मातीचं राहिलंच. ती वेगळी. गासूलमधलं मुख्य खनिज स्टीव्हन्साइट, मॅग्नेशियमवालं.