मैत्र, मैत्री आणि 'करणं'

मुलुंडच्या एका ताईंनी एका दमात तीन शंका विचारल्यात. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने ग्रुपचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'आमचं मैत्र'. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी लगेच चूक काढली: शब्द 'मैत्री' आहे, हे 'मैत्र' कुठून आणलंस? मग आजोबा-नातीची जुंपली. त्यात 'मैत्री करणं' हे मराठी आहे का आणि 'अनफ्रेंड'ला आपला शब्द कोणता, हेही निघालं.

पहिल्या मुद्द्यात नात जिंकली. 'मैत्र' आजोबांनीच शाळेच्या प्रार्थनेत पोरांकडून शेकडो वेळा म्हणून घेतला असणार. 'भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें'. ज्ञानेश्वरांचं पसायदान, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. 'जीवाचें'वरचा अनुस्वार नपुंसकलिंग दाखवतो, तेव्हा 'आमचं मैत्र' व्याकरणातही चोख बसतं. ('आमची मैत्र' असंही हल्ली वाचायला मिळतं, ते मात्र चूक.) संस्कृतात 'मित्र'वरून आलेला 'मैत्र' विशेषण म्हणूनही चालतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना 'मैत्रः करुण एव च' असं आलंय, तिथे अर्थ सगळ्यांशी स्नेहाने वागणारा. आणि गावाकडे 'मैतर' म्हणजे सरळ मित्रच.

आजोबांना खटकलं ते वेगळंच असावं, असा माझा अंदाज. 'फ्रेंडशिप' पोरकट वाटते, 'मैत्री' शुभेच्छापत्रांवर छापून छापून गुळगुळीत झालीय, म्हणून फोटोखाली 'मैत्र' येतं. ते भारदस्त दिसतं. पण पसायदानातलं मैत्र सगळ्या जीवांमध्ये पडावं असं मागणं आहे, आणि ते मागणं खळांची व्यंकटी सांडो म्हटल्यावर लगेच येतं. म्हणजे त्यातून खळही वगळलेले नाहीत. गोराईच्या विपश्यना पॅगोडात साधनेच्या शेवटी 'मंगल मैत्री' असते, तीही अशीच: समोरच्याने स्वीकारावी लागत नाही, रिक्वेस्ट प्रलंबित राहत नाही. फोटोखालचं 'आमचं मैत्र' मात्र पाच जणांचं असतं आणि सहावा त्या फोटोत का नाही, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. शब्द तोच, पण कुंपण नवं.

दुसरी शंका मला जास्त आवडली, कारण माझ्या मते खरा बदल नामात झालेला नाही, तो क्रियापदात झालाय.

पसायदानात मैत्र 'पडतं'. आज हे क्रियापद कानाला विचित्र लागेल, पण गाठ पडते, सवय पडते, भूल पडते. ठरवून न करता जे होऊन बसतं त्याला मराठी 'पडणं' लावते. पुढे मैत्री जमली, जुळली, जडली, झाली. गट्टी जमली, मेतकूट जमलं. सगळी अकर्मक क्रियापदं. कर्ता मैत्री, आपण नुसते त्यात सापडलेले. 'आमचं कसं जुळलं कोण जाणे' असं आपण म्हणतो ते उगाच नाही.

'मैत्री करणं' हेही मराठीच, आणि जुनं. फक्त त्याची जागा ठरलेली होती. दुर्जनाशी मैत्री करू नये. कोल्ह्याने करकोच्याशी मैत्री केली. एका राजाने शेजारच्या राजाशी मैत्री केली. उपदेश, नीतिकथा आणि राजकारण. जिथे हेतू आहे, हिशेब आहे, तिथे 'करणं'. नव्वदच्या दशकात मुंबईच्या कॉलेजांत 'त्याने तिला फ्रेंडशिप मागितली' असं बोललं जायचं. तिथेही हेतू होताच, आणि तो काय होता हे सगळ्या कँटीनला कळलेलं असायचं. मुलाने मुलाकडे फ्रेंडशिप मागितल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तेव्हा विनंती पाठवणं हे फेसबुकने शिकवलं असं म्हणता येत नाही. फेसबुकने एवढंच केलं की शाळेतला बाकमित्र, आत्येभाऊ आणि सोसायटीचे सेक्रेटरी या सगळ्यांना एकाच बटणावर आणलं. ५००० पर्यंत 'फ्रेंड' ठेवायची मुभा असली की तो शब्द ओळखदेखीएवढाच उरतो. मग जवळच्यांसाठी वेगळी सोय लागते. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी आणली ती त्यामुळेच असावी. हिरवं कडं दिसलं की आपण आत आहोत हे कळतं. जिवलग कोण, हे पूर्वी यादीत लिहून ठेवावं लागत नव्हतं.

आता रोजची क्रियापदं बघा. डीपी लावतात, स्टेटस ठेवतात, स्टोरी टाकतात, मित्राला टॅग करतात. सगळी सकर्मक, आणि सगळ्यांना बघणारा तिसरा लागतो. रात्री बाराला मैत्रिणीच्या वाढदिवसाची स्टोरी 'टाकली' नाही तर रुसवा ठरलेला. फोन केला होता, हे पुरेसं धरत नाहीत. आणि टाकली, पण तिने ती परत स्वतःच्या स्टोरीत घेतली नाही, तर दुसरीकडून रुसवा.

हे सगळं मोबाइलमुळे झालं असंही नाही, बरं का. ऑगस्टचा पहिला रविवार फ्रेंडशिप डे, म्हणून आदल्या शनिवारी लोकलमध्ये मनगटापासून कोपरापर्यंत बँड बांधलेली मुलं दिसायची. पांढऱ्या शर्टावर मार्करने नावं लिहिलेली. हातावरचे बँड मोजले जायचेच. स्लॅम बुकात 'बेस्ट फ्रेंड'समोर कोणाचं नाव लिहायचं यावरून शाळेत भांडणं व्हायची. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट २००४ मध्ये आली, तेव्हा मित्रांकडून टेस्टिमोनियल (प्रोफाइलवरचे कौतुकाचे चार शब्द) लिहून घेण्यासाठी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणारी पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे आणि पोरांना 'काय ते सारखं दाखवणं' म्हणून ऐकवते. फरक एवढाच की बँड सोमवारपर्यंत मळून तुटायचे.

याउलट लोकलमधली मैत्री ऐका. 'ती माझी जागा धरते.' क्रियापद धरणे. बदलापूरहून रोज एकाच गाडीने येणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये नावं बघा: 'सुनीता ८.१२', 'मीनल मधला डबा'. आडनाव ठाऊक नसतं, पण कोणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते ठाऊक असतं. दसऱ्याच्या आसपास डबा सजवून पूजा होते, फोटो निघतात, हल्ली तेही स्टेटसला जातात. पण त्या बायकांनी 'मैत्री केली' असं त्यांच्यापैकी कोणी म्हणणार नाही. 'गाडीत ओळख झाली', बस.

याच संदर्भात एक प्रयोग मला फार खुपतो, तेवढं सांगून घेतो. मैत्रीच्या फॉरवर्डमध्ये 'असावी' असते. मैत्री असावी पावसासारखी, मैत्री असावी कृष्ण-सुदाम्यासारखी, मैत्री असावी तर अशी. हा विध्यर्थ, म्हणजे कसं असायला हवं ते सांगणारं रूप. आदर्शाला अगदी सोयीचं, कारण त्यात कोणालाही कधी काही करावं लागत नाही. गंमत अशी की मराठीत हेच रूप तर्कासाठीही वापरतात: 'ती घरी असावी', म्हणजे बहुतेक आहे, नक्की माहीत नाही. चार वर्षांत ज्याच्याशी बोलणं नाही अशा माणसाकडून 'मैत्री असावी' आलं की मी ते दुसऱ्या अर्थाने वाचतो. आणि कृष्ण-सुदाम्याचं म्हणाल, तर त्या गोष्टीत सुदामा पोह्यांची पुरचुंडी लपवत होता. मित्राला काय आणलं ते दाखवायची त्याला लाज वाटत होती. नेमका तोच दाखला दाखवण्याच्या कामी यावा!

राहिला 'अनफ्रेंड'. इंग्रजीतही त्याची मिरवणूक २००९ मध्येच निघाली. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं होतं. मराठीत 'अमैत्री', 'मित्रत्याग', 'विमित्र' असे घडवलेले शब्द सुचवता येतील, पण ते कोणाच्या तोंडी बसणार नाहीत. 'कट्टी' आणि 'गट्टी फू' हे हाताशी आहेत, गोडही आहेत. पण कट्टी समोर उभं राहून, करंगळी दाखवून घ्यावी लागते. समोरच्याला ती कळलीच पाहिजे, आणि दोन बोटं पुढे करून बट्टी करायची वाट उघडी असते. अनफ्रेंड केलेल्याला सूचनाही जात नाही. महिन्यांनी कधीतरी शोधायला गेल्यावर समजतं. तेव्हा 'कट्टी' इथे लागू पडत नाही. मुंबईत पोरं 'उडवला' म्हणतात: 'तिने मला लिस्टमधून उडवलं.' अर्थ नेमका, शब्द घरचा, रूपंही सहज चालतात. कोशात घालायचा झाला तर मी हाच घालेन. 'अनफ्रेंड केलं' म्हणणाऱ्यालाही अडवणार नाही.