ओएलईडी टीव्ही घ्यायचा, पण कोणत्या खोलीत?

दीड-दोन लाखांचा टीव्ही दुकानात पाहून ठरवू नका. तिथे तो व्हिव्हिड मोडवर, म्हणजे रंग भडक करणाऱ्या सेटिंगवर, खास तयार केलेल्या डेमोवर चालू असतो. रिमोट मागून घ्या, रंग मूळ सिनेमासारखे दाखवणारा सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा आणि अंधारातला एखादा प्रसंग बघा. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. जास्तीचे पैसे मुख्यतः त्यासाठीच असतात.

आता घराकडे बघा. हॉलला मोठी खिडकी असेल आणि टीव्ही दिवसाच जास्त चालत असेल, तर तो काळा रंग तुम्हाला दिसणारच नाही. तिथे चांगला मिनी-एलईडी (पडद्यामागे बारीक एलईडी दिवे असलेला टीव्ही) घ्या, तो जास्त उजळ असतो. घरात दिवसभर बातम्यांचं चॅनल लागत असेल तर मी ओएलईडी नकोच म्हणेन. एकाच जागी राहणारा लोगो आणि खालची पट्टी वर्षानुवर्षांत पडद्यावर कायमचा डाग पाडू शकते, आणि वॉरंटीत हा दोष बहुधा धरत नाहीत. आईवडिलांसाठी घेत असाल तर हे आधी विचारात घ्या.

अंतरही मोजा. ५५ इंची पडद्यापासून सात फुटांपलीकडे बसलात तर फोरके आणि त्याहून कमी पिक्सेलच्या फुल एचडीतला बारकाव्यांचा फरक डोळ्याला जवळपास कळत नाही.

रात्री दिवे मालवून सिनेमे बघता? मग बिनधास्त घ्या, फक्त साउंडबारचे (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरचे) पैसे बाजूला ठेवा. इतक्या पातळ टीव्हीत मोठ्या स्पीकरला जागाच नसते.