जाऊबाईंचा काटा पळतोय, माझा हलेना

प्रश्न: ताई, मी आणि जाऊबाई दोघी रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, दोन महिन्यांत त्यांचं सहा किलो उतरलं आणि माझं जेमतेम दोन, आता जायचा मूडच होत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर: अगं, दोन किलो काय कमी आहेत का! दोघींचं सुरुवातीचं वजन, वय, झोप, थायरॉइड सगळं वेगळं, मग काटा सारखा कसा पळेल, आणि पहिल्या आठवड्यांत उतरतं त्यात बरंचसं पाणीच असतं. वजन आठवड्यातून एकदाच कर, सकाळी उपाशीपोटी, आणि कंबर टेपने मोज. पहिल्या दिवशी गड चढताना कितीदा बसलीस आणि आता कितीदा बसतेस, ते बघ की. जाऊबाईंना आकडा विचारूच नकोस, बाकी गप्पा मार भरपूर. कंदी पेढा मात्र एकच हं.