जांघेतल्या गजकर्णावर टाकळ्याचा पाला लावावा का?

पावसात भिजलेली जीन्स अंगावर ठेवून ठाणे ते दादर लोकलचा प्रवास, त्यातून जांघेत आणि कमरेला उठलेले खाजरे चट्टे, आणि जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी दिलेला टाकळा वाटून लावण्याचा सल्ला, असा आपला प्रश्न आहे. मी ठाण्यातच आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते आणि पाऊस स्थिरावला की असे रुग्ण येऊ लागतात.

मावशींचे सांगणे निराधार नाही. टाकळा त्वचारोगांवर पूर्वापार वापरला जातो; मात्र लेपासाठी मुख्यतः त्याच्या बिया ताकात वाटून घेतात आणि त्या पावसाळा सरल्यावर, लांब वाकड्या शेंगांत तयार होतात. सध्या मिळणाऱ्या कोवळ्या पाल्याची लसूण घालून भाजी करावी, हे उत्तम.

आधी चट्टा उजेडात नीट पाहावा. कड उंचावलेली, लालसर आणि कोंडा सुटणारी, मधला भाग निवळलेला, आणि चट्टा बाहेरच्या बाजूला पसरत चाललेला असेल, तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग होय. बारीक, टोचणारे पुरळ असेल आणि पंख्याखाली बसल्यावर बरे वाटत असेल, तर ते घामोळे; त्याला चंदनाचा लेप पुरतो. गजकर्णाला नाही. लेपाने खाज काही काळ शमेल, पण बुरशी हटेलच असे नाही, म्हणून अशा रुग्णांना मी त्वचारोगतज्ज्ञांकडेच पाठवते. त्यांनी दिलेले बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण 2 आठवडे चालू ठेवावे. बहुतेक जण खाज थांबली की मलमही थांबवतात.

टाकळ्यापेक्षा मला धास्ती वाटते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमांची. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असे नाव असेल, तर त्यात स्टिरॉइड आहे. त्याने लाली दोन दिवसांत उतरते, बुरशी मात्र आतून फोफावते आणि जांघेतली नाजूक कातडी पातळ होते.

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंग धुण्यास हरकत नाही, फक्त नंतर जांघ पूर्ण कोरडी करावी. लिंबू, लसूण आणि बिब्बा मात्र कातडीला लावू नयेत. बिब्ब्याने तर फोड येतात. टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून गरम पाण्यात धुवावीत, घरात आणखी कोणाला खाज असल्यास त्यांचेही उपचार सोबतच करावेत, आणि आपल्याला मधुमेह असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट डॉक्टरांना दाखवावे.